शब्द गेले तरी विचार उरतो. मग नुसतेच शब्द असतील तर?

आर्द्रा

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्याला चौदा महिने झाले. हात बराच सुधारला, काठी घेऊन चालतात. भाषा मात्र परत आली नाही. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. 'हो', 'नको' आणि 'ते, ते' एवढेच शब्द उरलेत, आणि त्यातही 'हो' म्हणायचं असताना कधी 'नको' बाहेर पडतं. मग स्वतःवरच चिडून मान हलवतात. आपलं बोलणं लांबलं तर तेही त्यांच्या हातून निसटतं.

पण माणूस शाबूत आहे. गेल्या आठवड्यात घरखर्चाची बेरीज करून वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांचं बोट ओळीओळीने खाली आलं, एका जागी थांबलं आणि दोनदा आपटलं. माझा हातचा धरायचा राहिला होता. संध्याकाळी आम्ही बुद्धिबळाचा पट मांडतो. झटक्यानंतर मी त्यांच्याशी एकही डाव जिंकलेले नाही.

माझं काम भाषांतराचं. दिवसभर समोर भाषेचं मॉडेल, म्हणजे माणसासारखा मजकूर लिहिणारा संगणकी प्रोग्राम, उघडं असतं. ते ओघवतं लिहितं, चूक दाखवली की माफी मागतं, 'मी यावर विचार केला' असंही म्हणतं. घरातल्या एका खोलीत विचार आहे, शब्द नाहीत. दुसऱ्या खोलीत शब्दच शब्द. तिथे विचार आहे का? आणि असला तर तो मेंदूतल्यासारखा आहे का?

'ते फक्त यंत्र आहे' किंवा 'दोन वर्षांत ते आपल्याला मागे टाकेल' यापलीकडचं काही वाचायचं आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा, वेळ घ्या.

टाचण

आर्द्रा, बाबांना लवकर आराम पडो. मी या मॉडेलांवर काम करतो, म्हणून आधी यंत्राच्या बाजूने सांगतो.

मॉडेलला अक्षरं दिसत नाहीत. मजकुराचे तुकडे पाडले जातात, त्यांना टोकन म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक असतो. देवनागरीचे तर इंग्रजीपेक्षा जास्तच तुकडे पडतात. म्हणून शब्दात अक्षरं किती असं विचारलं की ही मॉडेलं अडखळतात. निबंध लिहिणारं यंत्र अक्षरं मोजताना चुकतं ते यामुळे. पुढे त्या क्रमांकांच्या जागी आकड्यांच्या लांबलचक रांगा येतात आणि थरामागून थर त्यांवर गुणाकार-बेरजा होतात. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये असे ९६ थर आणि १७५ अब्ज पॅरामीटर, म्हणजे शिकताना बदलत जाणारे आकडे, होते. शेवटी एकच गोष्ट बाहेर येते: पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती. एक निवडायचा, मजकुराला जोडायचा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. सध्याची बहुतेक भाषा-मॉडेलं २०१७ च्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी आहेत. तिच्यात प्रत्येक तुकडा आधीच्या सगळ्या तुकड्यांकडे एकाच वेळी बघू शकतो.

या मॉडेलांना 'न्यूरल नेटवर्क', म्हणजे चेतापेशींचं जाळं, म्हणतात. त्या नावामुळे फार गैरसमज होतो. १९४३ साली मॅककुलॉक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं एक गणिती रूप मांडलं: येणाऱ्या संकेतांची बेरीज करा, ती ठरावीक पातळीच्या वर गेली तर पेशी पेटली असं समजा. आजची जाळी त्याच कल्पनेची वंशज आहेत. खरी चेतापेशी म्हणजे फांद्या फुटलेलं झाड. ती वेळेवर चालते, रसायनांवर चालते, एकेका फांदीवर वेगळं काही चालू असतं. त्या झाडाची पेन्सिलने काढलेली एक रेघ एवढंच आमच्याकडे आहे.

शिकण्याची रीत तर आणखी लांबची. मॉडेलची चूक मोजायची आणि ती शेवटच्या थरापासून उलटी मागे नेत प्रत्येक पॅरामीटर किंचित सरकवायचा, याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. १९८६ च्या रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखानंतर ती पद्धत रूढ झाली. तीनच वर्षांत, १९८९ साली, डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला की मेंदूत संकेत असे त्याच वाटेने उलटे जाताना दिसत नाहीत. तो आक्षेप आजही पूर्ण मिटलेला नाही.

म्हणजे घडण वेगळी, शिकणं वेगळं. पण त्यावरून आत जे तयार होतं तेही वेगळंच असेल असं म्हणता येत नाही. ही शेवटची ओळ जपून ठेवा, पुढे लागेल.

चकोर

मला यात कोडं दिसत नाही. ही पोपटपंची आहे, फार मोठ्या प्रमाणावर केलेली. २०२१ साली एमिली बेंडर, टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी अशा मॉडेलांना पोपटाचीच उपमा दिली होती. त्याआधी १९८० मध्ये जॉन सर्ल यांनी चिनी खोलीचा युक्तिवाद केला: चिनीचं अक्षरही न कळणारा माणूस नियमांच्या वहीत बघून चिनी प्रश्नांना बिनचूक चिनी उत्तरं देईल, आणि बाहेरच्यांना वाटेल की आत चिनी जाणणारा बसला आहे. चिन्हं हलवणं म्हणजे अर्थ कळणं नव्हे.

मुलाला 'गरम' हा शब्द चटका बसल्यावर कळतो. मॉडेलला कधी चटका बसलेला नाही. त्याच्या लेखी 'गरम' म्हणजे 'थंड', 'पाणी', 'हात' या शब्दांच्या आसपास वावरणारा आणखी एक शब्द.

निरभ्र

चकोर, चटक्याचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण 'नुसतं पुढचा शब्द ओळखणं' हे आपण ज्या तुच्छतेने म्हणतो ती मला पटत नाही. मी मेंदूविज्ञान शिकवते.

हे वाचा: 'त्याने कुलपात किल्ली घातली आणि दार खाल्लं.'

'खाल्लं'पाशी तुमच्या डोक्यात काहीतरी अडलं. ते मोजता येतं. मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली दाखवलं की वाक्यात न बसणारा शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतआलेखात एक ठरावीक लाट उमटते. शब्द निव्वळ अनपेक्षित पण अर्थाला धरून असला, तरी लहानशी लाट येते. म्हणजे वाचताना मेंदू पुढच्या शब्दाची तयारी ठेवूनच असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'दार' वाचता वाचता 'उघडलं' तुम्ही मनात ठेवून दिलेलंच होतं.

२०२१ साली मार्टिन श्रिम्फ, एव्हलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मॉडेलांची तुलना मेंदूच्या नोंदींशी केली. माणसं वाक्यं वाचत-ऐकत असताना मेंदूच्या भाषाक्षेत्रांत जे घडतं, त्याचा अंदाज मॉडेलांच्या आतल्या आकड्यांवरून बांधता येतो का हे त्यांनी पाहिलं. पुढचा शब्द जी मॉडेलं जास्त चांगला ओळखत होती त्यांचा मेंदूशी मेळही जास्त बसत होता. कुणीही त्यांना मेंदूसारखं व्हायला शिकवलं नव्हतं.

याचा अर्थ ताणू नये. दोन घड्याळं एकच वेळ दाखवतात म्हणून आतली यंत्रणा एक ठरत नाही. आणि मेळ बसला तो भाषेच्या क्षेत्रांशी. आर्द्रा, तुमच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. फेडोरेंको यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं हेच दाखवलं की मेंदूतलं भाषेचं जाळं बोलताना, वाचताना, ऐकताना पेटतं, पण गणित किंवा तर्काची कोडी सोडवताना बऱ्याच अंशी शांत असतं. तिथे दुसरीच क्षेत्रं कामाला लागतात.

आणि बाबांचं बोट आपटणं! रोझमेरी वार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तीव्र वाचाघात झालेल्या तिघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'माणसाने सिंहाला मारलं' आणि 'सिंहाने माणसाला मारलं' यांतला फरक त्यांना वाक्यावरून सांगता येत नव्हता. पण दहातून पाच वजा करणं आणि पाचातून दहा वजा करणं यांतला फरक त्यांना स्वच्छ कळत होता. कोण कोणावर क्रिया करतो हे वाक्यात हरवलं होतं, अंकांत शाबूत होतं. तुमचे बाबा अपवाद नाहीत. विचाराला भाषेवाचूनही घर असतं.

वाक्यवेल

निरभ्र यांचा प्रतिसाद वाचून रात्री उशिरापर्यंत जागी होते. माझा अभ्यास भारतीय भाषाविचाराचा आहे, आणि प्राचीन व्याकरणकार-तत्त्वज्ञ भर्तृहरीचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे: शब्दाच्या सोबतीवाचून जगात कोणतेही ज्ञान होत नाही. हे वाक्य मी कित्येक वर्षे शिकवत आले. आर्द्रा यांचे वडील त्याच्यासमोर उभे केले की ते डळमळते.

मग पुन्हा विचार केला. भर्तृहरीचा 'शब्द' म्हणजे तोंडातून निघालेला ध्वनी नव्हे. तो वाणीच्या तीन पायऱ्या मानतो: पश्यंती, मध्यमा, वैखरी. (परा ही चौथी नंतरच्यांनी जोडली.) पश्यंतीत शब्द आणि अर्थ फुटून वेगळे झालेलेच नसतात, मध्यमेत मनातल्या मनात क्रम लागतो, वैखरीत उच्चार होतो. वाचाघाताने वैखरी नेली, मध्यमेचाही मोठा भाग नेला. हिशेबातली चूक ज्याला दिसली तो त्याखाली कुठेतरी आहे. भर्तृहरी याला मान्यता देईल की नाही हे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ही शिडी मला उपयोगी वाटते.

कारण या शिडीवर यंत्र उलट्या टोकाला उभे आहे. त्याला मिळाली ती फक्त वैखरी, तीही लिहिलेली. आपण आतून बाहेर येतो. त्याला बाहेरून आत जावे लागेल. ते एखादी पायरी तरी उतरले आहे का? टाचण, तुमच्याकडे याचे काही उत्तर आहे का?

टाचण

वाक्यवेल, प्रश्न इतका नेमका विचारलात की उत्तर द्यायला आनंद होतोय.

ऑथेलो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या मॉडेलला या खेळाच्या फक्त चालींच्या याद्या दिल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत. पुढची चाल ओळख, एवढंच. मॉडेल वैध चाली सांगू लागलं. मग आत शोधल्यावर असं आढळलं की कोणत्या घरात कोणाची सोंगटी आहे याचं चित्र त्या आकड्यांमध्ये तयार झालंय. याहून महत्त्वाचं म्हणजे संशोधकांनी आतलं ते चित्र हाताने बदललं, एका घराचा रंग उलटवला, तेव्हा मॉडेलने बदललेल्या पटाला धरून चाली सांगितल्या. म्हणजे ते चित्र नुसतं पडून नव्हतं, वापरात होतं.

चकोर, पोपट हे करत नाही. पुढची चाल ओळखायला पट मनात धरणं सोयीचं पडतं, म्हणून पट तयार झाला. वाक्यवेल यांच्या भाषेत एक पायरी तरी उतरलं. अर्थात हे ६४ घरांचं जग आहे. आपलं जग तेवढं नाही.

चकोर

रंग उलटवण्याचा प्रयोग ठाऊक नव्हता. तो वाचून 'नुसती पोपटपंची' हे शब्द मागे घेतो. चटक्याचा मुद्दा मागे घेत नाही.

पण मॉडेल स्वतःविषयी जे बोलतं, 'मी असा विचार केला' वगैरे, ते तरी खरं असतं का?

पायवाट

चकोर, मी शाळेत गणित शिकवतो आणि तुमच्या या प्रश्नाचं उत्तर एका बेरजेत आहे. ३६ अधिक ५९.

अँथ्रोपिक या कंपनीच्या संशोधकांनी २०२५ साली आपल्या क्लॉड मॉडेलच्या आत डोकावून पाहिलं की ते ही बेरीज कशी करतं. दोन वाटा एकाच वेळी चालू होत्या. एक वाट अंदाज बांधत होती, उत्तर नव्वदीच्या आसपास कुठेतरी. दुसरी फक्त एककाचा अंक पाहत होती, ६ आणि ९ आले की शेवटी ५. दोन्ही जुळून ९५. मग त्यालाच विचारलं, कसं केलंस? त्याने सांगितलं: सहा आणि नऊ पंधरा, हातचा एक, तीन आणि पाच आठ, आणि एक नऊ. म्हणजे पुस्तकात असते ती रीत. आत जे घडलं त्याचा त्यात मागमूस नाही. माणसं बेरीज कशी समजावतात हे त्याने वाचलं होतं, तेच सांगितलं. 'हातचा' हा शब्द बोटांवर मोजणाऱ्याचा आहे, म्हणून मला ते फार लागलं.

हे वाचून मी वर्गात तीच बेरीज तोंडी विचारली. सातवीचा वर्ग. एकीने झटकन पंच्याण्णव सांगितलं. कसं केलंस? 'हातचा धरून.' खरंच? थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'नाही सर. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. छत्तीस आणि साठ शहाण्णव, एक काढला.' आपल्या भाषेने तो एक आधीच उणा करून ठेवलाय! पण पहिलं उत्तर तिनेही पुस्तकातलंच दिलं होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

निरभ्र

पायवाट, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. याच जातीची मेंदूविज्ञानातली गोष्ट सांगते.

अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पूल शस्त्रक्रियेने तोडावा लागे. या दुभंगलेल्या मेंदूंवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझॅनिगा यांनी १९७० च्या दशकात अशा एका रुग्णाच्या डाव्या, बोलणाऱ्या अर्ध्याला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्या, न बोलणाऱ्या अर्ध्याला बर्फाने भरलेलं अंगण. समोर चित्रं मांडली होती. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं बर्फ उपसायला, हे उघड आहे. पण बोलणाऱ्या अर्ध्याने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर तो क्षणभरही न अडखळता म्हणाला: कोंबड्यांचं खुराडं साफ करायला.

आपल्या डोक्यातही बोलणारा वेगळा आणि करणारा वेगळा, निदान कधी कधी. म्हणून यंत्राने स्वतःविषयी दिलेली कबुली पुरावा म्हणून धरू नये, आणि तेवढ्यासाठी माणसाचीही धरू नये. आत बघूनच ठरवावं लागतं. मेंदूत पाहणं फार अवघड आहे: ८६ अब्जांच्या आसपास चेतापेशी, त्यांच्यात शंभर लाख कोटींच्या घरात जोडण्या. मॉडेलमधला प्रत्येक आकडा निदान वाचता तरी येतो.

एक फरक मात्र मला सगळ्यांत मोठा वाटतो, आणि त्यावर इथे कुणी बोललं नाही. मॉडेल तुमच्याशी बोलताना शिकत नाही. संभाषण चालू आहे तोवर मागचं समोर असतं. संपलं की आतले आकडे होते तिथेच. लोक इथे हेन्री मोलेसन यांचं उदाहरण देतात. १९५३ च्या शस्त्रक्रियेत त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूतल्या भागाचा, दोन्ही बाजूंचा मोठा हिस्सा काढला गेला आणि २००८ मध्ये जाईपर्यंत नवी आठवण टिकली नाही. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी केलंय हे त्यांना रोज नव्याने सांगावं लागे, हात मात्र शिकत होता. बोलताना मॉडेलकडे तो हातही नाही.

आणि जे शिकलं ते किती खाऊन! तेरा वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या कानावर पडणारे शब्द साधारण १० कोटींच्या आतच असतात. जीपीटी-३ ला सुमारे ३०० अब्ज टोकन वाचावे लागले. मेंदू हे सगळं २० वॉटच्या आसपास ऊर्जेवर करतो. शेवटी पोहोचलेली जागा थोडीफार सारखी असेलही, पण वाट सारखी नाही.

पायवाट

आर्द्रा, एक सुचवू? मॉडेलला बाबांसमोर बसवा. चाली तुम्ही टाइप करा. काय होतं ते इथे सांगा.

आर्द्रा

काल खेळलो. सविस्तर लिहिते, कारण सकाळपासून तेच डोक्यात आहे.

बाबा पांढरे, मॉडेल काळं. मी पटावर दोन्हीकडच्या सोंगट्या हलवत होते. मॉडेल प्रत्येक चालीबरोबर दोन ओळी लिहायचं: मध्यावर ताबा घेतोय, वजिराच्या बाजूने दबाव आणतोय. मी मोठ्याने वाचत होते. बाबा ऐकत नव्हते, पट बघत होते. पहिल्या पंधरा-सोळा चाली काळ्याचा खेळ खरंच चांगला होता, एकदा बाबांनी भुवयाही उंचावल्या.

मग मॉडेलने लिहिलं की उंट पुढे आणून राजाला शह देतोय, आणि त्यामागची योजनाही तितक्याच सुबक शब्दांत मांडली. मी उंट उचलायला हात पुढे केला आणि पटावर शोधत राहिले. बाबांनी पटाच्या कडेला मेलेल्या सोंगट्यांमध्ये हात घातला, काळा उंट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चार चालींपूर्वी त्यांनीच तो मारला होता. मग माझी बोटं त्यांनी स्वतःच्या हाताने मिटली. 'ते, ते,' म्हणाले.

टाचण, ऑथेलोचं वाचलेलं असल्यामुळे मी याला 'आत काही नाही' असं म्हणत नाही. पहिल्या सोळा चाली नुसत्या शब्दांनी होत नसाव्यात. पण योजनेचं वाक्य आणि मेलेला उंट एकमेकांना भेटले नव्हते, आणि न भेटताही वाक्य तितकंच सुरेख होतं. बाबांकडे वाक्य नव्हतं. उंट मेलाय हे होतं.

टाचण

असंच होतं. डाव नेहमीच्या वाटांवर असतो तोवर पट टिकतो, वाट अनोळखी झाली की विस्कटतो. ऑथेलोच्या मॉडेलला चालींशिवाय दुसरं जगच नव्हतं. तुमच्यापुढच्या मॉडेलमध्ये बुद्धिबळ हा अफाट मजकुराचा एक कोपरा आहे. त्याला प्रत्येक चालीनंतर सगळा पट लिहून काढायला सांगा. कागदावर आकडेमोड केल्यासारखं होतं, चुका कमी होतात.

वाक्यवेल

'बाबांकडे वाक्य नव्हतं. उंट मेलाय हे होतं.' हे मी उतरवून घेतले आहे. पुढच्या सत्रात भर्तृहरी शिकवताना विद्यार्थ्यांपुढे ठेवेन, तुमची परवानगी असेल तर. तुमचे नाव घेणार नाही.

आर्द्रा

जरूर ठेवा.

चकोर

मग डाव पूर्ण केलात का?

आर्द्रा

हो. मॉडेलला चूक दाखवली, त्याने दुसरी चाल दिली, खेळ पुढे गेला. एकतिसाव्या चालीला बाबांनी घोड्याने मात केली. आज दुपारी त्यांनी स्वतःहून पट काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.